बोरच्या पाण्यात काय जगतं? फिशटँकच्या झाडांबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न (लातूर): दोन फुटी टँक आहे, पाणी बोरचं. मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) 900 येतोय आणि काचेवर पांढरे डाग पडतात. तीनदा झाडं आणली, तीनदा सडली. कमी देखभालीत जगणारं काही आहे का, का प्लास्टिकचीच लावू?

उत्तर: ताई, प्लास्टिकची नका लावू, अजून एकदा खरी लावून बघा पण यावेळी पाणी बघून झाड निवडा. आपल्याकडं खाली सगळा काळा पाषाण, बोरचं पाणी त्याच्या भेगांमधून कॅल्शियम मॅग्नेशियम घेऊन येतं, म्हणून तर डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. या पाण्यात लाल नाजूक पानांची महागडी झाडं आणली की पैसे गेलेच समजा.

माझं पहिलं नाव वॅलिसनेरिया. हिरव्या रिबिनीसारखी लांब पानं असतात. पाण्याखाली वाढणाऱ्या सगळ्याच झाडांना कार्बन लागतो आणि अनेकांना तो विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधूनच घेता येतो, हिला मात्र जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही घेता येतो, म्हणजे ज्या पाण्याला तुम्ही वैतागलाय तेच हिचं खाणं. खाली बारीक खडी किंवा वाळू दोन-अडीच इंच ठेवा, मुळं आत आणि जिथून पानं फुटतात तो गड्डा वर. नव्यानं लावल्यावर जुनी पानं गळतात, घाबरू नका. एकदा रुजली की आडवे धुमारे सोडून शेजारी पिल्लं काढत जाते आणि वर्षभरात मागची काच झाकून टाकते. फक्त लिक्विड कार्बन म्हणून जी बाटली मिळते ती हिच्या टँकमध्ये टाकू नका, त्यानं ही विरघळून जाते.

तिच्या पुढं क्रिप्टोकोरिन वेंडटी लावा, ते श्रीलंकेतलं झाड, कमी उजेडात चालतं. आणि दगडाला बांधायला अनुबियास. एवढ्या तीन जाती दोन फुटी टँकला खूप झाल्या. लाईट रोज 6 ते 7 तास, जास्त नको, साधा टायमर लावून टाका म्हणजे विसरायचं कामच नाही. आणि टँक खिडकीच्या उन्हात ठेवला असेल तर आधी तो हलवा, नाहीतर झाडांऐवजी शेवाळच वाढेल.

प्रश्न (संभाजीनगर): दुकानदारानं अनुबियास दिलं, मी खडीत नीट पुरलं तर महिन्यात बुडापासून सडलं. क्रिप्ट (क्रिप्टोकोरिन) लावलं तर आठ दिवसांत सगळी पानं पाण्यात विरघळली. माझं काय चुकतंय?

उत्तर: पहिल्यात चूक झाली, दुसऱ्यात काहीच नाही. अनुबियास आणि जावा फर्न दोन्हींना आलं-हळदीसारखा आडवा कंद असतो, तो खडीत गाडला की सडतो. दगडावर किंवा लाकडाच्या ओंडक्यावर ठेवून शिवायच्या दोऱ्यानं बांधायचं, किंवा जेलवाल्या सुपरग्लूचा एक थेंब लावायचा, मुळं आपोआप दगड धरतात. जावा फर्नच्या पानामागं काळे-तपकिरी ठिपके आले तर तो रोग नाही बरं का, तिथूनच नवी रोपं फुटतात.

क्रिप्टचं असंय की जागा बदलली, पाणी बदललं की ते पानं टाकतं. शिवाय नर्सरीत बरीच झाडं पाण्याबाहेर वाढवलेली असतात, ती पानं पाण्याखाली टिकत नाहीत. मुळं पांढरी आणि घट्ट असतील तर उपटून फेकू नका, सडकी पानं तेवढी काढा आणि महिनाभर हात लावू नका, नवी पानं येतात. खूप लोक इथंच घाई करतात आणि जिवंत झाड कचऱ्यात टाकतात, मला याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न (परभणी): मे महिन्यात टँकचं पाणी 33-34 डिग्री होतं. झाडं पिवळी पडतात, मासे वर येऊन तोंड उघडतात. बर्फ टाकला तर चालेल?

उत्तर: बर्फ नको, तापमान एकदम खालीवर झालेलं माशांना सोसत नाही. वरचं झाकण काढा (उडी मारणारे मासे असतील तर जाळी टाका) आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका सोडा. आपल्या कोरड्या हवेत कूलर जसा काम करतो तसंच हे, बाष्पीभवनानं दोन-चार डिग्री सहज उतरतात. पाणी रोज कमी होईल, ते मात्र आरओच्या पाण्यानं भरा, कारण वाफ होते ती नुसत्या पाण्याची, क्षार सगळे मागंच राहतात आणि वरून बोरचं टाकत गेलात तर पाणी अजूनच जड होत जातं.

मासे वर येतात कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, 20 डिग्रीला लिटरमागं साधारण 9 मिलिग्रॅम तर 30 ला साडेसातच्या आसपास. त्यात रात्री झाडंही ऑक्सिजनच घेतात. म्हणून उन्हाळ्यात रात्री एअरपंप चालूच ठेवा, आणि तुमच्याकडं लाईट जात असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेऊन ठेवा, झाडांच्या आधी तो घ्या. झाडांमध्ये उन्हाळ्यात पहिली माघार जावा फर्न घेतं, म्हणून परभणीत मी वॅलिसनेरिया आणि हॉर्नवर्टवरच भर देईन. हॉर्नवर्टला तर मुळंच नसतात, नुसतं पाण्यात सोडायचं.

प्रश्न (नांदेड): तळ्यातून फुकट झाडं आणली तर?

उत्तर: आणता येतात, हायड्रिला तर आपल्या तळ्यांमध्ये पोत्यानं असतं आणि टँकमध्येही जोरात वाढतं. पण सोबत गोगलगायी, जळवा आणि चतुराची पिल्लं येतात, आणि चतुराचं पिल्लू गप्पीची पिल्लं खातं. पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यात दहा मिनिटं बुडवा, स्वच्छ धुवा आणि तरीही दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवा, कारण गोगलगायीची अंडी त्यानं मरतीलच असं नाही.

उलट दिशेनं मात्र कधीच नाही. टँकमधलं जास्तीचं झाड, पाण्यावर तरंगणारं तर मुळीच नाही, नदीत किंवा नाल्यात टाकायचं नाही. गोदावरीतली जलपर्णी तुम्ही रोज बघता, ती मूळची दक्षिण अमेरिकेतली. छाटलेलं सगळं उन्हात वाळवून कुंडीत टाका.

प्रश्न (बीड): दुकानातून पांढऱ्या पट्ट्यांची, सरळ उभी राहणारी झाडं आणली, सगळी कुजली.

उत्तर: वर्णनावरून ती ड्रॅसिना दिसतात, म्हणजे लकी बांबूच्या कुळातली, जमिनीवरची झाडं. पाण्यात पूर्ण बुडवली की हळूहळू कुजतातच आणि पाणी खराब करतात. ती काढून टाका. त्यापेक्षा मनीप्लांटची फांदी घ्या, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर, माशांच्या घाणीतलं नायट्रेट ते चांगलं ओढतं. अजून एक, ब्राह्मी (बाकोपा) टँकमध्ये पूर्ण पाण्याखालीही वाढते, कुंडीत असेल तर दोन काड्या लावून बघा.

प्रश्न (लातूर): पाणी टंचाईत टँकचं पाणी बदलणं जिवावर येतं. आरओचं वाया जाणारं पाणी वापरू का?

उत्तर: नको, त्यात क्षार अजून दाट झालेले असतात, ते फरशी पुसायला ठेवा. सॉफ्टनरचंही नको, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम येतो. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे आपलं, तुमचं जिवावर येणं मला कळतं. मासे कमी ठेवा, झाडं दाट ठेवा, खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका, मग दर आठवड्याऐवजी दोन-तीन आठवड्यांनी पाव टँक बदललं तरी भागतं. काढलेलं पाणी कढीपत्त्याला घाला, त्यात खतच असतं.