पहिलीच सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतोय, जुनी क्लासिक घेऊ की मॉडर्न?

आधीच सांगून टाकतो, माझ्याकडे एम१ गॅरंड (दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन रायफल) आहे आणि माझा तिच्यावर भारी जीव आहे, नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटायचं की हा माणूस जुन्या रायफलींवर खार खाऊन आहे. तुमचं म्हणणं असं की लायसन्सचं काम होत आलंय, वापर फक्त रेंजवर कागदाच्या टार्गेटवर, मन गॅरंडवर बसलंय पण भेटेल तो एआर (म्हणजे एआर-१५, हल्लीची मॉडर्न रायफल) घे म्हणतोय. माझंही तेच म्हणणं आहे. एकच घ्यायची असेल तर मॉडर्न घ्या, गॅरंड दुसरी म्हणून घ्या.

पण कारण लोक देतात ते नाही. लोक ह्याचं लाकूड विरुद्ध प्लास्टिक असं भांडण करून टाकतात. आतली कल्पना बघायला गेलं तर दोघींची एकच, गोळी नळीतून पुढे जाताना मागचा थोडा गॅस बारीक भोकातून बाजूला काढायचा आणि त्याच्या जोरावर बोल्ट, म्हणजे काडतुसामागचा सरकता ठोकळा, मागे ढकलायचा, म्हणजे रिकामं केस बाहेर आणि नवीन काडतूस आत. गॅरंड अमेरिकन सैन्याने १९३६ साली घेतली आणि युजीन स्टोनरची एआर-१५ १९५० च्या दशकातली, त्यामुळे ज्याला आपण मॉडर्न म्हणतो ती बाईसुद्धा साठी उलटून गेलेली आहे. (आणि एआर म्हणजे आर्मालाइट, कंपनीचं नाव, असॉल्ट रायफल नव्हे. हे किती वेळा सांगितलं तरी लोक ऐकत नाहीत.)

खरा फरक अंगाला बसण्यात आहे. गॅरंडचा दस्ता एका मापाचा, तुमचा हात आखूड असो की लांब, तुम्हीच तिच्याशी जुळवून घ्यायचं. एआरचा दस्ता मागेपुढे सरकतो, वर सरळ रेल असते त्यावर हवी ती दुर्बीण किंवा रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी साईट) बसतो, आणि नवशिक्याला नेमकी ह्याचीच गरज असते कारण त्याला अजून स्वतःची पोझिशनच सापडलेली नसते. त्यात गॅरंड रिकामीच साधारण ४.३ किलो, आणि तिचं थर्टी-ऑट-सिक्स काडतूस एआरच्या ५.५६ च्या जवळजवळ दुप्पट ताकदीचं. वजनामुळे धक्का बराच खाल्ला जातो पण चाळीस-पन्नास गोळ्यांनंतर खांदा बोलायला लागतो आणि मग माणूस ट्रिगर ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो. ही सवय एकदा लागली की काढायला फार त्रास, मी स्वतः भोगलंय.

आता जुनीचं कौतुकही करू दे. आठ गोळ्यांची लोखंडी क्लिप सगळीच्या सगळी वरून आत दाबायची, अंगठ्याने, आणि त्याच हाताच्या कडेने हँडल मागे धरून ठेवायचं, मग अंगठा चटकन वर घेतला की बोल्ट खाडकन पुढे. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप टिंग करून हवेत. लोखंडी साईटची चक्री फिरवली की टकटक क्लिक लागतात, एका क्लिकला १०० यार्डांवर साधारण एक इंच, आणि ती भोकाची साईट इतकी चांगली आहे की आजही उघड्या साईटवर मला दुसरी कुठली नको वाटते. माझा अंगठा तिने एकदा चावलाय, तोही गोळ्या भरताना नाही तर घरी साफ करताना, बोल्ट नीट अडकलाय असं धरून चाललो आणि आतली पट्टी दाबली, नख काळंनिळं होऊन पडलं. ह्याला इंग्रजीत गॅरंड थम असं खास नाव आहे यावरून किती जणांचं झालं असेल बघा.

दारूगोळ्याचं मात्र नीट समजून घ्या, कारण इथेच नवीन माणूस फसतो. गॅरंडमध्ये गॅसचं भोक नळीच्या अगदी तोंडापाशी, आणि तिथून बोल्टपर्यंत एक लांब वाकडा दांडा, ऑप रॉड म्हणतात. बाजारात मिळणारं शिकारीचं जड बुलेटचं थर्टी-ऑट-सिक्स काडतूस घातलं तर दारू हळू जळते, तोंडापाशी दाब जास्त उरतो आणि दांडा वाकतो. म्हणून तिच्यासाठी बनवलेलाच माल घ्यायचा नाहीतर गॅस कमीजास्त करता येणारा प्लग बसवायचा. एसकेएस (जुनी सोव्हिएत सेमी-ऑटो रायफल) घ्यायचा विचार आला तर तिचं वेगळंच, जुना लष्करी माल बरेचदा असा की प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडाची ठिणगी देणारी टोपी, जळल्यावर नळीत क्षार राहतात आणि ते हवेतला ओलावा ओढून रात्रीत गंज धरतात. तिथे नुसतं तेल पुसून चालत नाही, क्षार पाण्यातच विरघळतात, आधी गरम पाणी मग कोरडं मग तेल. आणि बहुतेक एसकेएसच्या फायरिंग पिनला (प्रायमरवर आदळणाऱ्या दांडीला) स्प्रिंग नसते, गोदामात ठेवताना फासलेलं घट्ट ग्रीस आत सुकून राहिलं की पिन पुढे अडकते आणि ट्रिगरला हात न लावता गोळी सुटू शकते. म्हणून बोल्ट काढून कानापाशी हलवून बघा, पिन खडखडली पाहिजे, आवाज नाही आला तर आधी ती धुवा.

एआरला असली नाटकं कमी पण अगदीच नाहीत असं नाही. गॅस थेट बोल्टच्या डब्यात येतो म्हणून आत काजळी साचते, तेल सढळ हाताने घाला, कोरडी ठेवलीत तर अडकेल आणि मग तुम्ही डिझाईनला शिव्या द्याल. नळीवर काय कोरलंय ते वाचा. ५.५६ लिहिलं असेल तर .२२३ रेमिंग्टनही चालतं, पण नुसतं .२२३ लिहिलं असेल तर त्यात ५.५६ घालायचं नाही. ट्विस्टही बघा, म्हणजे नळीतल्या खाचांचा पीळ, आठ इंचात एक फेरा असला की हलक्या-जड बऱ्याचशा बुलेट नीट जातात.

मधला रस्ता म्हणून कोणीतरी रुगर मिनी-१४ सुचवेलच. दिसायला जुनी, आतली रचना गॅरंडच्या वळणाची, काडतूस .२२३. छान वाटते हातात, पण सुरुवातीच्या मिनींची नळी बारीक, तापली की गोळ्या पसरायला लागतात. कागदावर ग्रुप, म्हणजे गोळ्या किती जवळजवळ लागल्या ते, मोजायचा असेल तर नवीन बघा नाहीतर सोडा. एम१ कार्बाइन दिसली तर नावावर जाऊ नका, ती म्हणजे छोटी गॅरंड नव्हे, काडतूस वेगळं, पार्ट वेगळे, अडीच किलोच्या आतलं हलकं खेळणं आहे, मजा येते पण लांबच्या टार्गेटला कामाची नाही.

अजून एक, लाकडी दस्ता आहे म्हणून कायदा सोडेल असं समजू नका. ब्रिटनने १९८८ मध्ये छोट्या .२२ रिमफायर सोडून बाकी सेमी-ऑटो रायफली सरसकट बंद केल्या, ऑस्ट्रेलियाने १९९६ नंतर जवळजवळ तसंच केलं, आणि कॅनडाने मे २०२० मध्ये एआर-१५ सोबत एम१४ (गॅरंडचीच पुढची आवृत्ती) आणि मिनी-१४ सुद्धा यादीत टाकल्या. तेव्हा तुमच्या लायसन्सवर कुठला प्रकार बसतो ते ॲडव्हान्स द्यायच्या आधी लेखी विचारून घ्या.

आणि पुढेमागे गॅरंड घेतलीतच तर विकणाऱ्याला नळीच्या दोन्ही टोकांना गेज (झीज मोजायचं माप) लावून दाखवायला सांगा, एक चेंबरच्या पुढची झीज सांगतं, दुसरं तोंडाची. बरेचदा नळी आतून चांगली असते पण पुढून साफ करून करून तोंडच घासलेलं असतं. "पॉलिश बघा कसली आहे" म्हणत विषय बदलायला लागला तर तिथून निघा. सोबत क्लिपही दहा-बारा मागून घ्या, त्या टिंग करून कुठे उडतात ते गवतात शोधणाऱ्यालाच माहीत, मी पाच घेऊन सुरुवात केली होती आणि आता दोन उरल्यात.