मुलांसोबत डिस्क गोल्फ: पहिल्या डिस्क कोणत्या घ्याव्यात, आणि फेक सतत डावीकडे का जाते?

डिस्क गोल्फ म्हणजे डिस्क (चपटी तबकडी) फेकत फेकत, कमीत कमी फेकींत साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये टाकायचा खेळ. अमेरिकेत बहुतेक सार्वजनिक बागांमधले कोर्स (खेळाची मैदानं) फुकट असतात, त्यामुळे खर्च फक्त डिस्कचा. तिथेच नवे लोक फसतात: लांब जाईल म्हणून ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकीची डिस्क घेतात. डिस्कवर चार आकडे असतात, त्यातला पहिला वेगाचा. १२ वेगाच्या डिस्कला हाताचा जो जोर लागतो तो नवख्याकडे नसतो, आणि ती लगेच वळून खाली पडते. सगळ्यांनी २ ते ५ वेगाच्या पटर (जवळून बास्केटमध्ये टाकायची डिस्क) आणि मिडरेंजवर (मधल्या अंतराची डिस्क) शिकावं. लहान मुलांना १३०-१५० ग्रॅमच्या द्या, मोठ्यांना १६५-१७५ चालतात. रंग गुलाबी किंवा नारिंगी. हिरवी डिस्क गवतात शोधण्यात निम्मा वेळ जातो.

उजव्या हाताची बॅकहँड फेक (हात छातीसमोरून ओढून केलेली) वेग मंदावला की डावीकडे झुकणारच. म्हणून नेम थोडा उजवीकडे धरा. पण डिस्क वर चढून मागे पडत असेल, तर तिची पुढची कड वर उचललेली असते. अंगठा वर, चारही बोटं कडेच्या आत, मनगट सरळ, आणि डिस्क छातीच्या उंचीवर सपाट ओढा. धावत येऊन फेकणं सुरुवातीला नकोच.

मुलांना टीवरून (फेकीच्या ठरलेल्या सुरुवातीच्या जागेवरून) खेळवू नका, निम्म्या अंतरावरून सुरुवात करू द्या. सगळ्यांनी फेकायचं आणि सर्वांत चांगल्या जागेवरून पुढची फेक, असं खेळलात तर सहा वर्षांचं मूलही रडवेलं होत नाही. बास्केटमध्ये टाकायचा सराव तीन मीटरवरून. साखळ्यांचा खणखणाट ऐकला की मुलं हटत नाहीत! ९ बास्केट पुरे.

पुढचा गट टप्प्याबाहेर गेल्याशिवाय फेकू नका, आणि मुलं कायम फेकणाऱ्याच्या मागे.