शहराच्या अग्निशमन दलातल्या जवानांच्या प्रशिक्षणासाठी अनुदान कुठून आणि कसं मागायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या नगरपरिषदेत दोन बंब आणि १६ माणसं आहेत, त्यातल्या निम्म्यांचं रीतसर प्रशिक्षण झालेलं नाही, आणि मुख्याधिकाऱ्यांनी "अनुदान मिळतंय का बघा" म्हणून फाइल तुमच्याकडे सोपवली आहे. मी एका नगरपरिषदेच्या अग्निशमन विभागातून निवृत्त झालो, शेवटची नऊ वर्षं केंद्रप्रमुख होतो. प्रशिक्षणाचे पाच प्रस्ताव लिहिले, त्यातले तीन मंजूर झाले. त्या अनुभवावरून सांगतो.

सगळ्यात आधी, प्रशिक्षणाचा खर्च म्हणजे फी ही समजूत काढून टाका. माझा पहिला प्रस्ताव तिथेच फसला. चार फायरमनना सांताक्रूझला, विद्यानगरीतल्या राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्रात सहा महिन्यांच्या अग्निशामक अभ्यासक्रमाला पाठवायचं ठरलं. फी, प्रवास, जेवणखाण, गणवेश, सगळं धरलं होतं. पैसे मंजूर झाले आणि मुलं गेलीच नाहीत. तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्ट्या आणि रजा वजा जाता आमच्याकडे एका पाळीला जेमतेम चार जण उरायचे. चौघं सहा महिने बाहेर गेले असते, तर रात्री वर्दी, म्हणजे आगीची खबर, आल्यावर बंबावर ड्रायव्हर आणि दोन जण, एवढेच चढले असते. मुख्याधिकाऱ्यांनी सोडायला नकार दिला, आणि त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. मार्चअखेर रक्कम परत गेली. पुढे दोन वर्षं प्रत्येक बैठकीत ऐकून घ्यावं लागलं की "मागच्या वेळी दिलेले पैसे तुम्ही खर्च केले नाहीत".

म्हणून प्रस्तावात पहिला तक्ता हजेरीचा जोडा. आकृतिबंधातली मंजूर पदं किती, भरलेली किती, पाळीनिहाय माणसं किती, आणि कोणी प्रशिक्षणाला गेलं तर त्याच्या जागी बंबावर कोण चढणार. दुसऱ्या वेळी आम्ही दोघादोघांची तुकडी केली आणि त्या काळापुरते दोन कंत्राटी अग्निशामक घेतले. राज्य केंद्राचा अभ्यासक्रम पूर्ण करून भरतीची वाट बघणारी मुलं गावोगावी आहेत, त्यामुळे माणसं मिळायला अडचण आली नाही. त्यांचं मानधन प्रस्तावातच धरलं होतं. ते फीपेक्षा जास्त भरलं, पण मुलं खरोखर शिकून आली.

आता पैसे कुठून. सुरुवात घरातून करा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली बांधकाम परवानगीच्या वेळी अग्निशमनाचं शुल्क घेतलं जातं. तुमच्याकडे ते किती जमा होतं आणि त्यातलं अग्निशमनावर किती खर्च होतं, हे लेखा विभागाकडून लेखी घ्या. बहुतेक ठिकाणी ते सर्वसाधारण निधीत मिसळून जातं. त्यातला ठरावीक हिस्सा प्रशिक्षणासाठी स्वतंत्र लेखाशीर्षाखाली ठेवायचा ठराव सर्वसाधारण सभेत करून घ्या. रक्कम लहान असली तरी चालेल. बाहेर हात पसरताना पहिला प्रश्न येतो, "तुम्ही स्वतः काय ठेवलंय?" त्याचं उत्तर हा ठराव.

त्यानंतर जिल्हा नियोजन समिती. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या नगरपालिका शाखेमार्फत प्रस्ताव जातो. पुढच्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यात आकार घेतो, तेव्हा तुमचा कागद दिवाळीच्या आधी तिथे पोचलेला हवा. इथे बंब, केंद्राची इमारत, शिड्या यांना लवकर होकार मिळतो आणि माणसाच्या शिक्षणाला वेळ लागतो. मला याचं फार वाईट वाटायचं. शेवटी मी प्रशिक्षण साहित्याच्या प्रस्तावातच घालायला लागलो: धुरात शिरताना पाठीवर घ्यायची, हवेच्या सिलिंडरची सहा श्वसनयंत्रं, आणि ती वापरायचं १६ जणांचं प्रशिक्षण, एकाच अंदाजपत्रकात.

केंद्र सरकारची योजनाही लक्षात ठेवा. जुलै २०२३ मध्ये राज्यांतल्या अग्निशमन सेवांच्या विस्तार आणि आधुनिकीकरणासाठी ५००० कोटींची योजना २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी जाहीर झाली होती. तिच्यात राज्याला २५ टक्के वाटा घालावा लागायचा, ईशान्य आणि हिमालयीन राज्यांना १० टक्के. हा पैसा राज्यामार्फत येतो, नगरपरिषद थेट अर्ज करू शकत नाही. म्हणून तुमची गरज आकड्यांसह राज्याच्या अग्निशमन सेवा संचालनालयाकडे लेखी नोंदवून ठेवा. पुढची कुठलीही योजना आली तरी तिथे तुमचं नाव असायला हवं. अधिकारी पदाच्या अभ्यासक्रमांसाठी नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. ते केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं, त्यांना वेगळं पत्र लागेल.

जवळ औद्योगिक वसाहत असेल तर सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर करायच्या खर्चाचा, विचार जरूर करा. कंपनी कायदा, २०१३ च्या अनुसूची ७ मध्ये आपत्ती व्यवस्थापन आहे, त्या मथळ्याखाली मागा. मात्र लाभ शहराला होतोय हे स्पष्ट दिसू द्या. फक्त कंपनीच्याच कामगारांसाठी केलेला खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत.

आणि आता प्रस्तावातलं समर्थन. "आधुनिक काळात प्रशिक्षणाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे" असली वाक्यं लिहू नका, ती कोणी वाचत नाही. आम्ही काय केलं ते सांगतो. आमच्याकडे श्वसनयंत्रं, आपल्या बोलीत बीए सेट, कपाटात पडून होती. सिलिंडर सहा लिटरचा, ३०० बारने (बार हे दाबाचं माप) भरलेला, म्हणजे साधारण १८०० लिटर हवा. मिनिटाला ४० लिटर धरली तर ४५ मिनिटं पुरते, असा कागदावरचा हिशेब. पालिकेच्या जुन्या गोदामात आम्ही एका धडधाकट फायरमनला सेट चढवला, मास्कच्या काचेवर काळं कापड चिकटवलं आणि होज ओढत आतला ७० किलोचा पुतळा शोधून आणायला सांगितलं. बाहेर मी घड्याळ धरून उभा. अठराव्या मिनिटाला हवा संपत आल्याची शिट्टी वाजली, तेव्हा तो पुतळ्यापर्यंतही पोचला नव्हता. भिंत सोडून खोलीच्या मध्यात चाचपडत होता. मास्क काढला तेव्हा त्याचे हात थरथरत होते.

मग बाहेरचा प्रशिक्षक आणून महिनाभर आठवड्यातून तीनदा सराव घेतला: भिंतीला हात लावून फिरणं, श्वास लांबवणं, जोडीदाराचा गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब दाखवणारा काटा, वाचणं. त्याच माणसाने त्याच गोदामातून तोच पुतळा १५ मिनिटांत बाहेर आणला, आणि तरीही गेजवर १५० बार शिल्लक होते. हे दोन प्रसंग, तारखा आणि मिनिटांसह, अर्ध्या पानात लिहिले. तिसरा प्रस्ताव त्या अर्ध्या पानावर मंजूर झाला. समितीतल्या एका सदस्यांनी आम्हाला थांबवून विचारलं, "म्हणजे आत्तापर्यंत तुम्ही मुलांना असंच पाठवत होता?" मी हो म्हणालो.

अशी एक चाचणी तुमच्याकडे घ्या. पैसे लागत नाहीत. बाहेर दुसरा सेट घातलेला माणूस तयार ठेवा आणि खरा धूर करू नका.

पैसे आले की उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे ते त्याच कामावर खर्च झाल्याचा दाखला, वेळेत द्या, सोबत प्रत्येक जवानाच्या प्रमाणपत्राची प्रत. पुढच्या वर्षीची फाइल त्यावरच हलते. तुमचा पाळीनिहाय हजेरीतक्ता आणि मागच्या तीन वर्षांच्या वर्द्यांचा आकडा, माणसांची नावं न घालता, इथे लिहिलात तर कोणाला आधी पाठवायचं ते मी मांडून देतो.