साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला घरी शिकवताना वाचन आणि अक्षरलेखन एकत्र घ्यावं का?

घ्यावं, पण दोन्हीचा वेग सारखा ठेवू नका. या वयात डोळे आणि कान हाताच्या बरेच पुढे असतात. पाच अक्षरं ओळखणाऱ्या मुलाला त्यातलं एकच धड काढता येतं, आणि त्यात काहीच बिघडलेलं नाही.

वर्णमालेच्या क्रमाने जाण्यापेक्षा ग, म, भ, न या जुन्या क्रमाने जा. उभी काना-रेघ चौघांतही आहे, त्यामुळे हाताला एकच वळण पुन्हा पुन्हा मिळतं. शिवाय मग, मन, नग, गगन, नमन असे शब्द लगेच वाचता येतात. नंतर र, स, व, ब, क घ्या. बस, कर, वर तयार. घ आणि ध मात्र एकाच आठवड्यात नकोत.

अक्षराचा आवाज मोठ्याने म्हणत ते रव्यात किंवा पाटीवर बोटाने मोठं गिरवू द्या. पेन्सिल नंतर. खडूचा छोटा तुकडा दिलात तर तो मुठीत धरता येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. शिरोरेघ शेवटी. दहा मिनिटं पुरेत. वहीभर गिरवणं मला तरी या वयात शिक्षाच वाटते.