वाचकांचे प्रश्न : कराटेचा वर्ग, पट्टे आणि गळती

प्रश्न : मी आठवड्यातून दोन संध्याकाळी भाड्याच्या सभागृहात कराटेचा छोटा क्लब चालवतो. तीसेक विद्यार्थी आहेत. पिवळा पट्टा मिळाला की निम्मी मुले येईनाशी होतात आणि पालक तेवढे ‘पुढची परीक्षा कधी?’ असे विचारत राहतात. परीक्षांची संख्या वाढवावी काय?

उत्तर : वाढवू नये. पट्टा ही मुळात कराटेची वस्तूच नव्हे. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी १८८३ मध्ये ‘दान’ ही श्रेणी देण्यास सुरुवात केली आणि तीच पद्धत स्वीकारून कराटेगुरू गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ मध्ये आपल्या काही शिष्यांना काळे पट्टे दिले. त्यापूर्वी कराटेच्या जन्मभूमीत, जपानच्या ओकिनावा बेटावर, ही विद्या पट्ट्याविनाच शिकवली जात होती. काळ्या पट्ट्याच्या पहिल्या श्रेणीचे ‘शोदान’ हे नावही ‘आरंभीची पायरी’ अशाच अर्थाचे आहे. ज्या वर्गात परीक्षा हेच एकमेव आकर्षण असते, तेथे परीक्षा संपली की मुलाला पुन्हा येण्याचे कारण उरत नाही, आणि दर दोन महिन्यांनी नवा रंग देऊन ते कारण विकत घेता येत नाही.

गळतीचे कारण बहुधा वर्गाच्या त्या एका तासातच दडलेले असते. काही वर्षांपूर्वी घोटा मुरगळल्यामुळे मला माझा वर्ग एका सहकाऱ्याकडे सोपवून खुर्चीवर बसावे लागले. वेळ जाईना म्हणून तिसऱ्या ओळीतल्या एका मुलावर नजर ठेवली आणि तो प्रत्यक्षात किती वेळ हलतो हे घड्याळावर मोजले. तासाभरात वीस मिनिटेही भरली नाहीत. उरलेला वेळ तो सूचना ऐकत, आपली पाळी येण्याची वाट पाहत आणि पट्ट्याचे टोक बोटाला गुंडाळत उभा होता. सहकाऱ्याने काहीही वावगे केले नव्हते. तो हुबेहूब माझ्यासारखे शिकवत होता, हेच मला बोचले.

ओळीत उभे करून आकड्यांवर हालचाली करून घेण्याची रीत विसाव्या शतकाच्या आरंभी, तिथले कराटेगुरू आंको इतोसु यांनी कराटे ओकिनावाच्या शाळांत नेले तेव्हाच्या गरजेतून रुजली. मोठ्या समूहाला एकदम हलवण्यासाठी ती उत्तम आहे, परंतु एकेका विद्यार्थ्याकडे पाहण्यासाठी ती फारशी उपयोगाची नाही. म्हणून पहिली वीस मिनिटे सर्वांचे किहोन, म्हणजे मूलभूत हालचालींचा सराव, एकत्र घ्यावे आणि नंतर वर्ग तीन गटांत फोडावा. वरच्या पट्ट्यांचे विद्यार्थी आळीपाळीने नवख्यांना शिकवतील; त्यात त्यांचेही नुकसान नाही, कारण ‘ग्याकु झुकी’ (मागच्या पायाच्या बाजूच्या हाताचा ठोसा) मारताना मागची टाच का उचलली जाते, हे दुसऱ्याला समजावताना आपली स्वतःची टाच पहिल्यांदा लक्षात येते. प्रत्येक मुलाला तासात एकदा तरी नावाने हाक मारून नेमकी एक दुरुस्ती सांगावी. ‘जोरात मार’ ही दुरुस्ती नव्हे. ‘ठोसा मारताना दुसरा हात कमरेशी खेचून घे, तो लोंबकळतो आहे’ ही दुरुस्ती होय.

पालकांसाठी परीक्षेत काय पाहिले जाईल, याचे एक पान आधीच लिहून द्यावे आणि तयारी नसलेल्या मुलाला परीक्षेला बसवू नये. नापास करण्यापेक्षा ‘अजून थांब’ म्हणणे दोघांनाही सोपे जाते. परीक्षा-शुल्कावर क्लबचे भाडे भागत असेल तर मात्र हे पाळणे अवघड होते, म्हणून खर्च मासिक शुल्कातूनच निघावा आणि हिशेब पालकांना पाहता यावा. बाकी व्यवस्थेविषयी थोडक्यात सांगायचे तर वर्गात नेहमी दोन प्रौढ असावेत, हजेरीपटावर पालकांचे दूरध्वनी क्रमांक असावेत, प्रथमोपचाराची पेटी हाताशी असावी, आणि वाढत्या वयाच्या मुलांकडून मुठी कठीण करण्याचे किंवा फळ्या फोडण्याचे प्रकार करून घेऊ नयेत.

प्रश्न : आमचा नऊ वर्षांचा मुलगा क्लास सुरू झाल्यापासून धाकट्या बहिणीवर किक मारून पाहतो. कराटेमुळे मुले आक्रमक होतात का?

उत्तर : नवे शिकलेले करून पाहण्याची हौस आणि आक्रमकपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, परंतु बहिणीच्या दृष्टीने फरक शून्य आहे, त्यामुळे हे प्रशिक्षकांना आजच सांगावे. ‘कराटेत पहिला वार नसतो’ हे फुनाकोशींचे सूत्र आहे, आणि शोतोकान या कराटेशैलीतील हेइआन मालिकेचे पाचही काता (ठरावीक हालचालींचे क्रम) बचावाच्या हालचालीने सुरू होतात. प्रशिक्षकांनी ही शिस्त बोलून न दाखवता जोडीच्या सरावात घडवावी : किक जोडीदाराच्या अंगापासून वीतभर अलीकडे थांबलीच पाहिजे. थांबवणे हे मारण्यापेक्षा कठीण असते, आणि हे कठीण काम आपल्याला जमते याचा मुलांना मोठा अभिमान वाटतो. प्रशिक्षक तक्रार हसण्यावारी नेत असतील, तर वर्ग बदलावा.

प्रश्न : माझे वय ४७ आहे. मुलीला वर्गाला सोडायला जाते आणि दाराशी बसून पाहत राहते. आता शिकता येईल का? गुडघे कधीमधी कुरकुरतात.

उत्तर : येईल. रक्तदाब, हृदयविकार किंवा हाडांचा ठिसूळपणा असल्यास आधी डॉक्टरांशी बोलावे. गुडघेही त्यांना दाखवून घ्यावेत. पवित्रा फार खोल घेण्याची गरज नसते. मात्र पुढचा गुडघा आत न झुकता पायाच्या बोटांच्या दिशेनेच वाकला पाहिजे. गुडघ्याला खरा त्रास वळताना होतो, कारण अंग फिरते आणि पाऊल जमिनीला चिकटून राहते. आधी पाऊल फिरवावे, मग शरीर, हे प्रशिक्षकांकडून पहिल्याच आठवड्यात शिकून घ्यावे.

लाभांविषयी अवास्तव अपेक्षा मात्र ठेवू नयेत. दोन तासांच्या वर्गाने आठवड्याचे बैठे जीवन भरून निघत नाही, आणि सहा महिन्यांच्या सरावावर कोणाशी झटापट करण्याचे धाडस तर करूच नये. मिळते ते वेगळेच. ‘माए गेरी’ (समोरची किक) मारताना गुडघा वर येतो, पाय झेपावतो, परत खेचला जातो आणि मग खाली टेकतो. तेवढा वेळ सारे शरीर एका पायावर तोललेले असते. वयाबरोबर जो तोल हळूहळू जातो, त्याचा हा थेट सराव आहे, आणि किक कमरेच्या वर गेली नाही तरी त्याचे मोल कमी होत नाही. शिवाय ‘हेइआन शोदान’ या मालिकेतल्या पहिल्या काताच्या २१ हालचाली दिशांसह लक्षात ठेवताना दिवसभराचे इतर विचार डोक्यात टिकत नाहीत, असा अनुभव मला अनेक प्रौढ विद्यार्थ्यांनी सांगितला आहे.

मुलगी आपल्या पुढच्या ओळीत उभी असेल आणि आपल्या चुका दाखवील, याची तयारी ठेवावी. पहिल्या दिवशी नखे कापून, अंगठ्या-बांगड्या काढून जावे आणि मूठ वळताना अंगठा बोटांच्या आत दडपू नये, बाहेरून दुमडावा. तो आत ठेवण्याची चूक जवळजवळ प्रत्येक नवशिक्या करतो.