क्लच स्लिप होतोय की सुटतच नाहीये?

प्रश्न : माझ्या गाडीला केबलवाला क्लच आहे. चढावर चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दिला की इंजिन नुसतं ओरडतं, गाडी काही ओढत नाही, आणि मागून जळका वास येतो. मेकॅनिक म्हणतोय पूर्ण क्लच सेट बदला, मित्र म्हणतो केबल ॲडजस्ट करून भागेल. कोणाचं ऐकू?

उत्तर : क्लच स्लिप होतोय, म्हणजे पूर्ण न धरता घसरतोय, हे नक्की, पण सेट बदलायच्या आधी मित्राचं ऐकून एकदा फ्री प्ले बघाच. पेडल हाताने हळू दाबा, सुरुवातीला थोडं सैल जायला पाहिजे. प्लेट झिजत जाते तसा हा फ्री प्ले कमी होत जातो आणि एकदा तो संपला की तुम्ही पेडलवरून पाय काढलात तरी क्लच आतून किंचित दाबलेलाच राहतो, मग प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारा भाग) पूर्ण जोर लावू शकत नाही आणि चांगली प्लेटसुद्धा घसरून जळते. केबल सेट करून फरक पडला तर पैसे वाचले.

नाहीच पडला तर मोकळ्या सपाट जागी, पुढे कोणी नाही बघून, हँडब्रेक घट्ट ओढा, तिसरा गिअर टाका, थोडा रेस देऊन क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर प्लेट गेली, मेकॅनिक बरोबर. ही टेस्ट एकदाच करा हं, परत परत केली तर उरलीसुरली प्लेटही जळेल.

आणि गिअरबॉक्स उतरवला की जुन्या प्लेटवर ऑइल आहे का ते स्वतः उभं राहून बघा. असेल तर क्रँकशाफ्टचं (इंजिनच्या मुख्य दांड्याचं) मागचं किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं) सील गळतंय, ते तसंच ठेवून नवी प्लेट टाकली तर तीही घसरायला लागेल, आणि लोक मग पार्टला नावं ठेवतात.

प्रश्न : इंजिन चालू असताना रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज येतो. बंद असताना गिअर लोण्यासारखे पडतात. पेडलही मऊ लागतंय. प्लेट संपली का?

उत्तर : नाही, तुमचा त्रास बरोबर उलटा आहे. वरच्या गाडीत क्लच धरत नाहीये, तुमच्यात सुटत नाहीये, त्यामुळे प्लेट बदलायची घाई अजिबात नको. पेडल मऊ म्हणताय म्हणजे क्लच हायड्रॉलिक, म्हणजे केबलऐवजी फ्लुइडच्या दाबावर चालणारा, असणार. पेडल भराभर तीन-चार वेळा मारून रिव्हर्स टाकून बघा, सहज पडला तर फ्लुइडच्या लाइनमध्ये हवा आहे नाहीतर मास्टर (पेडलकडचा) किंवा स्लेव्ह (क्लचकडचा) सिलिंडर गळतोय. पेडलच्या वर मागच्या बाजूला ओल दिसते का बघा. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकचं फ्लुइड एकाच डब्यातून जातं, म्हणून लेव्हल उतरत असेल तर थांबू नका प्लीज, आजच दाखवा.

प्रश्न : न्यूट्रलमध्ये घरघर येते, क्लच दाबला की थांबते. रिलीज बेअरिंग का?

उत्तर : बहुतेक नाही. रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, खराब असलं की क्लच दाबल्यावर आवाज येतो. दाबल्यावर थांबतो म्हणजे गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर संशय घ्या, आधी गिअर ऑइलची लेव्हल बघा. बेअरिंगसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागला तर रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदलून घ्या, उतरवायची मजुरी दुसऱ्यांदा कशाला द्यायची.