बल्ब पेटला म्हणजे बाथरूमचं अर्थिंग ठीक आहे, असं धरायचं का?

गिझर चालू असताना नळाला हात लागला की झिणझिण्या येतात आणि वायरमनने फेज-अर्थमध्ये बल्ब पेटवून 'अर्थिंग उत्तम' म्हणून सांगितलं, असं तुम्ही लिहिलंय. आधी गिझर बंद करून त्याचा प्लग काढा. कारण सापडेपर्यंत तो पुन्हा लावू नका.

त्या बल्बवर मी अजिबात विसंबणार नाही. १०० वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरही ओढत नाही. अर्थिंगच्या वाटेत २० ओहमचा रेझिस्टन्स असला तरी तिथे आठ-नऊ व्होल्टच खर्च होतात आणि बल्ब लख्ख पेटतो. पण उद्या एलिमेंट फुटून फेज बॉडीला लागला, तर याच वाटेने २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर जातील. तेवढ्याने १६ अँपिअरचा एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही. गिझरची बॉडी मात्र करंट मारत राहते! बी प्रकारचा एमसीबी लगेच पडायला ८० अँपिअर लागतात, म्हणजे पूर्ण लूप (फेजमधून बॉडी, अर्थ आणि परत पुरवठ्यापर्यंतची करंटची अख्खी वाट) २.८७ ओहमच्या आत हवा. जमिनीत पुरलेल्या रॉडवर एवढं कमी क्वचितच मिळतं, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवाच. त्याचं टेस्ट बटण फक्त आतली यंत्रणा तपासतं. अर्थिंगची वायर तुटलेली असली तरी बटण दाबल्यावर तो पडतो.

शिवाय कुणी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवलेत का, ते उघडून बघायला सांगा. तसं असेल तरी बल्ब पेटतोच. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला की फेज चालू उपकरणातून गिझरच्या बॉडीवर येतो.

बाँडिंगची, म्हणजे बाथरूममधले धातूचे भाग अर्थला नीट जोडलेत का याची, चाचणी वेगळी. मेन स्विच बंद करून, २०० मिलिअँपिअर सोडणाऱ्या लो-ओहम मीटरची टोकं एकमेकांना लावून आधी शून्य करायचं. मग एक टोक गिझरच्या अर्थवर आणि दुसरं नळ, शॉवर, लोखंडी पाइप यांवर. ४ चौरस मिमीच्या १० मीटर तांब्याच्या वायरला साधारण ०.०५ ओहम येतात. दोन-तीन ओहम दिसले तर क्लॅम्पखालचा गंज किंवा रंग खरवडायला हवा. साध्या मल्टिमीटरच्या वायरीच ०.२-०.३ ओहम दाखवतात. त्याने तुटलेली वायर कळेल, सैल जोड कळेलच असं नाही.

पाइप प्लास्टिकचे असतील तर सुट्या धातूच्या नळाला अर्थ जोडायला जाऊ नका. नळ आणि अर्थमध्ये २३ किलोओहमपेक्षा जास्त आलं, तर बाहेरून त्यात काही येत नाही. मग संशय गिझरवरच: पाण्याने भरलेला असताना फेज-न्यूट्रल एकत्र करून बॉडीशी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरने) मोजायचं. एक मेगओहमच्या खाली आलं तर एलिमेंट बदला.

लूप आणि आरसीसीबीच्या चाचण्या चालू विजेवर होतात. त्या परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायच्या, आणि आकडे लिहून घ्या.